आधी लांबी, मग लपेट

सोमवार, ३ नोव्हेंबर

पातं तुटलं. सागाच्या ओंडक्यात जुना खिळा होता. आमच्या आरा मशीनचं पातं त्यावर आदळलं आणि त्याचा हातभर तुकडा मिस्त्रींच्या कानाजवळून जाऊन टिनात घुसला. मिस्त्रींनी आधी कान चाचपला, मग हसले. दादाने लाकूड आणणाऱ्या ड्रायव्हरची कॉलर धरली आणि त्याचं तोंड ओंडक्यावर घासलं. गालात साल रुतली. "खिळा पाह्यला नाही तुनं? डोळे आहेत का बटन?" ड्रायव्हर बिचारा रामटेककडचा. त्याने नुसती गाडी चालवली होती.

दुपारी माप. गिऱ्हाइकाचा माणूस ओंडक्याच्या त्या बाजूला, दादा या बाजूला, फीत माझ्या हातात. लपेट, म्हणजे ओंडक्याचा घेर, पाच फूट, लांबी आठ फूट. दोघांनी एकदम घनफूट बोलायचे. लकडगंजच्या लाकूडबाजारात मापाच्या वेळी मोबाइल काढणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, त्यामुळे आकडा तोंडानेच. ज्याचा चुकला त्याच्याकडून चहा. दादाचे ओठ हलत होते. सव्वा सव्वा... तिथेच अडला. तेवढ्यात टेबलामागून वहिनी बोलल्या, "साडेबारा." मानही वर केली नाही. पावती लिहीत होत्या.

गिऱ्हाइकाचा माणूस म्हणाला, "वा गजूभाऊ! मशीन तुमची अन् डोकं वहिनीचं."

दादा हसला. ते हसू मला माहीत आहे.

घरी ताट भिंतीवर. वरण माझ्या शर्टवर उडालं. वहिनींच्या दंडावर बोटं उमटली. कारण काय, तर मीठ कमी.

मंगळवार, ४ नोव्हें.

दादा काल का अडला ते शोधून काढलं. बाबांनी आम्हाला शिकवलेला क्रम: आधी लपेटेचा चौथा भाग, मग त्याचा वर्ग, मग लांबीने गुणायचं. पाच फुटांचा चौथा भाग सव्वा. सव्वा गुणिले सव्वा म्हणजे एक पूर्णांक नऊ सोळांश. असला आकडा डोक्यात धरायचा आणि वर त्याची आठपट करायची. धरता धरता सांडतो.

वहिनी चहा गाळत होत्या तेव्हा विचारलं, तुम्ही कसं केलं?

"लांबी आठ ना? आठ सव्वा दहा. दहा सव्वा साडेबारा. त्यात काय आहे भाऊजी?"

आधी लांबी. मी किती वेळ कपातली साय बघत बसलो. दुसऱ्या टोकाकडून सुरू करता येतं हे इतक्या वर्षांत मनात आलं नव्हतं. बाबा लोखंडी फूटपट्टीने बोटांच्या पेरांवर मारायचे. उत्तर बरोबर आलं आणि क्रम चुकला, तरी मारायचे. अजून कोणी नऊ सत्ते विचारलं की माझी उजवी मूठ आपोआप मिटते. दादाचे खांदे वर जातात. वहिनींना कोणी शिकवलंच नाही. मिस्त्री म्हणतात, पुरुषाचं डोकं वेगळं, बाईचं वेगळं. मला कळत नाही, डोकं वेगळं आहे की मार वेगळा होता.

आईलाही विचारलं. मेथी निवडत होती. अठ्ठेचाळीस आणि छत्तीस किती?

"चौऱ्याऐंशी."

कसं केलं?

"दोन तिकडचे इकडं टाकले. पन्नास अन् चौतीस."

बाबांना कधी सांगितलं नाहीस, की तुला येतं?

"कशाले सांगू? त्यायनं कधी इचारलं का? बाईनं मनातलं मनात ठेवा. वंदनाले हेच समजत नाही."

शुक्रवार, ७ नोव्हें.

कॉलेजची एक मुलगी आली होती. मानसशास्त्राची. मनातल्या मनात आकडेमोड करताना पुरुष आणि बायका डोकं वेगवेगळं वापरतात का, यावर तिचं काम आहे. बाजारात तोंडी हिशेब करणाऱ्यांना गाठत फिरत होती. दादाने स्वतः खुर्ची पुसून दिली. तोंडातला खर्रा थुंकून आला. साडेबाराचं उट्टं काढायचं त्याच्या मनात असावं.

साध्या बेरजांना दोघं सारखेच. मग तिने सांगितलं, तोंडाने मोठ्याने वार म्हणत राहायचं, थांबायचं नाही, आणि मी कार्ड दाखवते त्याची बेरीज करायची. आधी दादा. सोमवार मंगळवार बुधवार जोरात सुरू. कार्डावर ५७ + २६. दादाचे डोळे मोठे झाले, मानेची शीर फुगली, वार चालूच. मग एकदम हात वर करून ओरडला, "गुरुवार!"

हमाल लोळले. मिस्त्री हसता हसता ओंडक्यावर बसले.

वहिनींची पाळी आली. त्यांचं असं झालं: "सोमवार मंगळवार त्र्याऐंशी बुधवार गुरुवार."

नंतर दुसरी तऱ्हा. टेबलाच्या चार कोपऱ्यांवर ठरल्या क्रमाने बोट आपटत राहायचं आणि बेरीज करायची. इथे दादा बिनचूक. वहिनी अडकल्या. "बोट थांबवू का हो थोडं?" मुलीने समजावलं की कोणी हुशार, कोणी मठ्ठ असं यात काही नाही. दादा आकडे मनात बोलतात, म्हणून तोंड गुंतलं की अडतात. वहिनी आकडे मनात मांडतात, म्हणून हात गुंतला की अडतात. आणि दोघांवरून सगळ्या बायकांचं, सगळ्या पुरुषांचं ठरत नाही, अजून खूप जणांना विचारायचं आहे. मलाही बसवलं. वार म्हणताना मीही अडकलो. मूठ मिटली होती. मारामुळे असं होतं का, हे तिला विचारायचं होतं. विचारलं नाही.

तिचं दुसरं बोलणं कोणी ऐकलंच नाही. सगळ्यांनी गुरुवार तेवढा ऐकला.

शनिवार, ८ नोव्हें.

लिहितो. अक्षर नीट काढतो.

सकाळपासून बाजारभर तेच. मिस्त्री: "काय गा गजूभाऊ, आज कोनता वार?" चहावाला: "गुरुवारचा उपास हाय का भाऊ, का घ्याल चहा?" तिसऱ्या की चौथ्या वेळी एक हमाल बोलला, तर दादाने हातातला घण त्याच्या पायावर सोडला. अंगठ्याचं नख निघून आलं. भुशावर रक्त. दादा म्हणाला, हातातून सुटला.

संध्याकाळी घरी वहिनी कणीक मळत होत्या. दादा सरळ स्वयंपाकघरात गेला.

"म्हण. सोमवार मंगळवार."

वहिनींना वाटलं थट्टा करतोय. थोड्या हसल्यासुद्धा.

"म्हण वं!"

त्या म्हणू लागल्या.

"नऊ सत्ते?"

"बुधवार त्रेसष्ट गुरु..."

थोबाडीत. पिठाची परात खाली.

"थांबू नको. तेरा साते?"

"एक्क्याण्णव."

परत. दर बरोबर उत्तराला एक. उत्तर बरोबर होतं म्हणूनच. मी दारात होतो. मी ओरडलो, "वहिनी, चुकवा!" हे माझ्या तोंडून निघालं. मारू नको असं नाही निघालं.

"सतरा आठे?"

"एकशे छत्तीस."

त्याने केस धरले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. ग्रॅनाइटची कड. तो आवाज लिहिता येत नाही.

मी त्याच्या कमरेला मिठी मारली. खिडकीला अडसर म्हणून लावतो ती सागाची पट्टी त्याच्या हाताला लागली. माझी पाठ, बरगड्या, पुन्हा पाठ. मी सिलिंडरवर पडलो. बाहेरच्या खोलीत आईने टीव्हीचा आवाज वाढवला. मालिकेत कोणाचं तरी लग्न चालू होतं, सनई वाजत होती.

दादा चप्पल घालून निघून गेला. आई हळद घेऊन आली. वहिनी जमिनीवर पिठात बसून अजून वार म्हणत होत्या. आईने तोंडावर हात ठेवला तेव्हा थांबल्या.

सोमवार, १० नोव्हें.

वहिनी मशीनवर आल्या. पदर कपाळापर्यंत. बाहेर सांगितलं, मोरीत घसरल्या. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी फितीकडे पाहिलं. आज कोणी वार विचारला नाही.

जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही म्हनलं चुकवा. मले चुकवताच नाही आलं. आकडा आधी दिसते, मंग तोंड उघडते."

डोकं दुखतंय का?

"ठणकून राहिलं. जाईन."

बरगडी श्वास घेताना टोचते. मोडली नसावी. दाबून पाहिली.

आरा चालू असताना दादा पट्टा बघायला खाली वाकतो. रोज वाकतो. आज तो वाकला तेव्हा मी त्याच्या अगदी मागे उभा होतो. एवढंच लिहितो.

बुधवार, १२ नोव्हें.

आज जे झालं ते मला बरं वाटत नाही.

लपेट चार फूट, लांबी नऊ. चार फूट लपेट असली की हिशेबच नसतो. चौथा भाग एक, एकाचा वर्ग एक, लांबी हाच आकडा. हमालालाही पाठ आहे. गिऱ्हाइकाचा माणूस मुद्दाम म्हणाला, "हे वहिनीले सांगू द्या." वहिनींनी ओंडक्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोटं मोजायला लागल्या. मी त्यांना कधी बोटं मोजताना पाहिलेलं नाही.

"छत्तीस," म्हणाल्या.

सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण कशाला हसतात हे त्यांना कळलं नव्हतं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

सगळ्यात जास्त दादा हसला. सगळ्यांना चहा सांगितला, हमालांनासुद्धा. वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे वं. होते असं." इतक्या मऊ आवाजात तो त्यांच्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी येताना मोसंबी घेऊन आला.

गुरुवार, १३ नोव्हें.

वहिनींना दोनदा उलटी. आई खूश. "गोड बातमी असन." मी म्हटलं, आई, डोकं आपटलं होतं. "तू चूप. तुले बायकांचं काय समजते?"

भाजी चिरताना डाव्या हातातून बटाटा सुटतो. उचलतात, परत सुटतो.

मी दादाला म्हटलं, दवाखान्यात नेऊ. आईही गोड बातमीसाठी मागे लागली, म्हणून कबूल झाला. उद्या.

शुक्रवार, १४ नोव्हें.

सरकारी दवाखाना. ओळीत खूप उभे राहिलो. डॉक्टर तरुण, रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. काय झालं? दादा म्हणाला, मोरीत पडली. वहिनी म्हणाल्या, हो. लघवी तपासायला दिली. गोड बातमी नाही.

डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली, बोट नाकाला लावायला सांगितलं. मग म्हणाला, "शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून परत सात. असं करत जा."

वहिनी: "त्र्याण्णव." मग थांबल्या. "त्र्याण्णव... ब्याऐंशी." मग, "सात." मग माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर पेन टेकवून थांबला. काही तरी विचारणार होता. तेवढ्यात दादा म्हणाला, "साहेब, बाईमाणूस आहे. इले गणित कधी येतच नव्हतं."

"बरोबर," डॉक्टर हसला. "माझ्या आईचंही तेच. ती तर पहिल्याच सातला रडेल." आणि कागदावर गोळ्या लिहिल्या. डोकेदुखीची, उलटीची. पुढच्या आठवड्यात दाखवा.

दादाचा हात माझ्या मानेवर होता. अंगठा मणक्यात. माझं तोंड उघडलं होतं. मी डॉक्टरच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. उजवी मूठ मिटलेली. मग पुढचा नंबर आत आला आणि आम्ही बाहेर.

बोलायचं एकच वाक्य होतं. हिला येत होतं.

शनिवार, १५ नोव्हें.

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितो. शर्टाला रक्त आहे, माझं नाही.

सकाळी वहिनी डावी चप्पल उजव्या पायात घालून निघाल्या. मी बदलून दिली. मशीनवर टेबलाशी बसल्या. थोड्या वेळाने पेन पडलं. उचलायला वाकल्या त्या खुर्चीवरून तशाच खाली गेल्या. ओठांची एक बाजू ओघळलेली. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही.

दादा: "पानी मार तोंडावर. नाटक आहे."

मी म्हटलं, दवाखाना.

"काल नेलं ना? कागद आहे ना डॉक्टरचा? आता नेलं तर पोलीस इचारन कसं लागलं म्हणून. समजते का बे तुले?"

म्हणजे त्याला सगळं कळलेलं होतं. बुधवारी मोसंबी आणली तेव्हाही.

मी वहिनींच्या काखेत हात घातला. दादाने ओंडक्यावर खूण करायची कुऱ्हाड उचलली आणि फाटकात उभा राहिला. "एक पाय टाक. तोडतो." आरा चालू होता, त्यामुळे ओरडूनच बोलत होता. ओरडताना हसत होता.

ओंडके उलथायची लोखंडी सब्बल भिंतीला टेकलेली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्याच्या मनगटाच्या वर मारली. हाड गेल्याचं आऱ्याच्या आवाजातही ऐकू आलं, वाळक्या पट्टीसारखं. कुऱ्हाड पडली. तो गुडघ्यावर बसला, डोकं खाली, माझ्यासमोर. मागची मान उघडी. सब्बल परत वर गेली होती. मी नेली असं मला आठवत नाही, पण ती वर होती. आणि मी जागा ठरवत होतो, कानाच्या मागे, जिथे केस संपतात.

आरा बंद झाला. मिस्त्रींनी स्विच पाडला होता. एकदम शांत. "नीलेश! बाई मरून राहिली अन् तू काय करून राहिला? पाय धर तिचे!"

सब्बल टाकली. मिस्त्रींनी ऑटो थांबवला, आम्ही दोघांनी उचललं. वहिनींचं डोकं माझ्या मांडीवर, पडताना फुटलेल्या ओठाचं रक्त माझ्या शर्टाला. ऑटोवाल्याला हळू म्हणू की जोरात म्हणू, कळत नव्हतं. दोन्ही म्हणालो.

तोच डॉक्टर. "अरे, हिला कालच तर पाहिलं."

मी सांगितलं. सगळं एका दमात, थांबलो तर मूठ मिटेल म्हणून. हिला गणित येतं. पाच फूट लपेट आणि आठ फूट लांबी असली तर ही पावती लिहिता लिहिता साडेबारा सांगते. आधी लांबी धरते, मग लपेट. वार म्हणता म्हणता बेरीज करते. बुधवारी हिला नऊ सांगता आले नाहीत, छत्तीस म्हणाली. आठ दिवसांपूर्वी हिचं डोकं ओट्यावर आपटलं. नवऱ्याने आपटलं.

घनफुटाचं डॉक्टरला काही कळलं नसेल. त्याने एवढंच विचारलं, "आधी येत होतं? नक्की?"

नक्की.

"काल का नाही बोललात?" उत्तराला थांबला नाही. स्ट्रेचर, स्ट्रेचर, असं ओरडत गेला. स्वतः ढकलत नेलं.

स्कॅनच्या फोटोत डोक्याच्या आत रक्त साचलेलं दिसलं. मेंदू एका अंगाला सरकला आहे. ऑपरेशन. सहीला नातेवाईक पाहिजे. कोण तुम्ही? दीर. करा.

रविवार, १६ नोव्हें.

जिवंत आहेत. डोकं भादरलं आहे. नळी लावली आहे, पिशवीत रक्त येतं, काळपट. काचेतून बघू देतात. सिस्टर म्हणाली, बोलतील, पण कधी ते सांगता येत नाही.

त्यांच्या मंगळसूत्राची पुडी आणि बांगड्या माझ्या खिशात आहेत. दोन बांगड्या कापून काढल्या.

झोप लागली की सब्बल वर असते.

सोमवार, १७ नोव्हें.

दादा इथेच आहे, पलीकडच्या इमारतीत. हाताला प्लास्टर. त्याने पोलिसांना जबाब दिला: माझ्या भावाने माझ्या बायकोला मारलं. मी अडवायला गेलो तर सब्बलीने माझा हात तोडला. बायकोचा आणि त्याचा... पुढचं लिहीत नाही. ते शब्द मला चौकीवर वाचून दाखवले.

हवालदारबाई आहेत एक, बिल्ल्यावर नाव आहे, लिहीत नाही. विचारलं, "सब्बल तुझ्या हातात होती?" होती. "मारली?" मारली. "मग बाकीचं खोटं कशावरून?"

मी मिस्त्रींचं नाव सांगितलं. मिस्त्री म्हणाले, शनिवारचं पाहिलं ते सांगेन, घरातलं मी पाहिलं नाही. खरंच आहे. घरातलं फक्त आईने ऐकलं.

संध्याकाळी आई आली, डबा घेऊन. दोन डबे होते. एक माझा, एक दादाचा. जिन्यात माझ्याजवळ बसली.

"मी गजूशी बोलली. तो आपली तक्रार परत घेते म्हंते. वंदनानं फक्त सांगाव, मोरीत पडली. बस. कोनालेच काही होत नाही. तू बी घरी, तो बी घरी."

आणि वहिनी?

"ते बी घरीच ना."

मी डबा उघडला नाही.

"नीलेश, मले दोनच पोरं आहेत रे."

तू टीव्हीचा आवाज का वाढवला, हे विचारलं. आईने पदराने डब्याचं झाकण पुसलं, बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, "लहानपणी तुमचे बाबा तुमाले मारत तवाही मी रेडिओ लावत होती."

उठून दुसरा डबा द्यायला गेली.

मंगळवार, १८ नोव्हें.

वहिनी बोलल्या. पाणी मागितलं. मग मला ओळखलं. "भाऊजी, तुमची बरगडी?"

मी बरी म्हणालो.

पोलिसांचं काय चाललं आहे ते सिस्टरनेच त्यांना सांगितलं असावं, किंवा आईने. आई आत जाऊन आली होती. वहिनींनी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. मोरी म्हणाल्या तर मी सुटतो. खरं सांगितलं तर दादा वहिनींचं आणि माझं नाव जोडून मला कोर्टात उभा करील, आणि सब्बल तर मी मारलीच आहे. चौकीत मागच्या बाजूला एकाला मारत होते, तो आवाज मी ऐकला. मला भीती वाटते, हे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. त्यांच्या खाटेजवळ उभा होतो तेव्हा एकदा मनात आलं की म्हणावं, चुकवा. तसाच बाहेर आलो.

बुधवार, १९ नोव्हें.

वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर. आई शेजारी. हवालदारबाई जबाब घ्यायला आल्या आहेत, चौकीवरच्या नव्हेत, दुसऱ्या. आधी डॉक्टरने लिहून द्यायचं, पेशंट भानावर आहे म्हणून. नाही तर जबाब धरत नाहीत.

तोच डॉक्टर. त्याने नाव, गाव, महिना विचारला. सांगितलं. मग तेच, शंभरातून सात. मी दाराशी होतो.

"त्र्याण्णव," वहिनी म्हणाल्या. उजव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती, काही तरी इकडचं तिकडे ठेवल्यासारखी. डावा हात पडून.

आई म्हणाली, "राहू द्या ना साहेब. बाईमाणसाले कायले गणित..."

"थांबा," डॉक्टर म्हणाला. "त्यांना वेळ घेऊ द्या." खुर्ची ओढून बसला. पेन खिशात ठेवलं.

किती वेळ गेला माहीत नाही. पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती. वहिनींनी डोळे मिटले होते, कपाळावर घाम, पट्टीच्या खाली.

"शहाऐंशी."

बोटं परत चालली.

"एकोणऐंशी. बाहत्तर. अजून सांगू का?"

डॉक्टरने कागदावर सही केली. वहिनींनी हवालदारबाईंकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आवाज घोगरा, घशात घातलेल्या नळीमुळे असेल. "आई, तुम्ही बाहेर जा. भाऊजी, तुम्हीबी."

दार लावलं.

तेव्हापासून बसलो आहोत. आत बोलणं चालू आहे, शब्द कळत नाहीत. मध्ये हवालदारबाईंचा आवाज चढला, परत उतरला. आई जप करते आहे, ओठ हलताहेत. कोणासाठी करते ते विचारत नाही. पलीकडच्या जिन्यावरून दादा आला आहे, गळ्यात अडकवलेला हात, टेकून उभा आहे. माझ्याकडे बघतो आहे. बाबांसारखा दिसतो, हे आजच दिसलं. तो जवळ आला तर मी उठणार नाही असं ठरवलं आहे. हात मांडीवर ठेवले आहेत, एक लिहितो आहे तोवर.

कडी वाजली. बाई दारात आल्या आहेत, हातात कागद, दुमडलेला.

"नीलेश कोण? शनिवारी स्वयंपाकघराच्या दारात होता तो?"

आई माझ्याकडे बघत नाही. दादा बघतो आहे.

उठतो.